फक्त डेल्टा पाठव

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो, तिथं माझ्या नावावर दोन गोष्टी जमा आहेत. एक, टेबलाखाली लपवता येणारी चहाची किटली. दुसरी, डेल्टा हा शब्द. किटली सुरक्षावाल्यांनी जप्त केली. शब्द जप्त करता येत नसल्यामुळे तो पसरला.

तसा तो कारखान्यात आधीपासून होता, पण दुसऱ्यांचा होता. इलेक्ट्रिशियन मंडळींचा डेल्टा म्हणजे मोठ्या मोटरची जोडणी. मोटर आधी स्टारवर सुरू करायची आणि तिनं वेग घेतला की खटकन डेल्टावर टाकायची. शाळेत भूगोलाच्या सरांचा डेल्टा नदीच्या तोंडाशी असायचा. आम्ही खाम नदीच्या काठची पोरं, नदीला तोंड असतं हे आम्ही सरांच्या भरवशावर मान्य केलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तर या शब्दाचा असा दरारा होता की कुणी बसमध्ये तो उच्चारला की चार जण मास्क नाकावर ओढायचे.

आमच्या विभागात नवीन माणूस आला की मी फळ्यावर एक त्रिकोण काढतो आणि विचारतो, हे काय आहे? बहुतेक जण समोसा म्हणतात. मग मी हात मागं बांधून, आवाज खाली आणून सांगतो की हे ग्रीक लोकांचं चौथं अक्षर, आणि त्यांनी ते ज्यांच्याकडून उचललं त्यांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होता दार. एवढं झालं की थोडा वेळ गप्प बसतो. या गप्प बसण्याचा परिणाम फार चांगला होतो.

आमचा डेल्टा म्हणजे फरक. कारखान्याच्या मालाची यादी रोज संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसला पाठवायची असते. यादी लांबलचक, आणि तिच्यातलं बहुतेक सगळं कालच्यासारखंच. मग सगळी यादी कशाला पाठवायची? कालच्यापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं. तो डेल्टा. हळूहळू हा शब्द यादीतून उठला आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसला. "दोन चहा आणि एक डेल्टा" म्हटलं की दोन कप आणि वर एक घोट मिळायला लागला. रजेवरून आलेला माणूस "काय झालं माझ्या मागं" असं न विचारता "डेल्टा सांगा" म्हणू लागला. साहेबांचा मूड कसा आहे, तर डेल्टा शून्य, म्हणजे कालच्याइतकाच वाईट. मी एकदा महागड्या सलूनमध्ये केस कापून घरी गेलो, तेव्हा बायकोनं मला एक फेरी मारून पाहिलं आणि म्हणाली, "डेल्टा शून्य."

या पद्धतीला एक पथ्य आहे. आठवड्यातून एकदा, रविवारी, सगळी यादी पहिल्यापासून उतरवून घ्यायची आणि मूळ यादीशी ताडून पाहायची. कारण डेल्टा नेहमी कालच्याशी मोजला जातो. कालचं जरासं चुकलं असेल तर आजचं त्या चुकीपासून मोजलं जातं, उद्याचं आजच्यापासून, आणि कुणालाच काही चुकल्यासारखं दिसत नाही. एका सहकाऱ्यानं सलग तीन रविवार हे केलं नाही, तर मी त्याला अख्ख्या विभागासमोर उभं करून झापलं होतं.

ही फुशारकी मी एवढ्यासाठी मारतोय, की पुढचं वाचून कुणी असं म्हणू नये की याला माहीत नव्हतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, छावणीत शिंपी होते. बाजाराच्या टोकाला दुकान, दुकानामागं दोन खोल्या. फौजी लोकांचे गणवेश, फिती, बिल्ले, कोट. माप घेण्याची त्यांची पद्धत अशी की आधी गिऱ्हाइकाला समोर उभं करून कॉलरपासून बुटापर्यंत एकदा पाहायचे, मग टेप लावायचे, आणि टेपनं डोळ्याच्या अंदाजापेक्षा वेगळं काही सांगितलं तर टेपलाच दोष द्यायचे. त्यांच्याबरोबर माझी मोठी बहीण राहते. ताईनं लग्न केलं नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलं आणि निवृत्त होऊन अण्णांना शिस्त लावायला लागली.

अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तेव्हा डॉक्टर बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. डोळ्यातला दाब वाढलाय. यात दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. थेंब रोज दोन वेळा, आणि दर सहा महिन्यांनी मशीनवर तपासणी. थेंब पुरत नाहीत असं दिसलं तर औषध बदलू, गरज पडली तर ऑपरेशन करू, पण त्यासाठी मला ते दिसायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. अण्णांनी एकच विचारलं, मशीन चालवता येईल ना? म्हणजे शिलाई मशीन. बाईंनी सांगितलं, नजर राखली तर येईल. त्या दिवसापासून घरातला एकच प्रश्न होता, अण्णांची नजर राखायची.

ताई रोज फोनवर मला अहवाल पाठवायची. शिक्षिकेचा अहवाल. थेंब सात वाजता टाकले, पहिला गालावर गेला म्हणून दुसरा टाकला. अर्धी भाकरी खाल्ली. दोन शर्ट, एक पँट. चहाचा कप डाव्या हाताला ठेवला तर धक्का लागून सांडला, उजव्या हाताला ठेवला तर सांडला नाही. सुईत दोरा ओवायला वेळ लागला, पण ढग होते. शेजारच्या बाईंना नमस्कार केला नाही, तिला राग आला आहे. असं मोबाइलचे दोन पडदे भरून. मी ते मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचायचो आणि माझा जीव जायचा.

एका रविवारी मी दुकानात गेलो आणि प्रयोग लावला. अण्णांच्या टेबलावरचा खडू उचलून कापडावर त्रिकोण काढला. अण्णांनी आधी कापड कुणाचं आहे ते सांगून मला शिवी दिली. मी ताईला समोसा, ग्रीक, दार, सगळं साग्रसंगीत ऐकवलं आणि शेवटी म्हणालो, "ताई, हे पुराण रोज नको. कालच्यापेक्षा काय बदललं तेवढंच लिही. फक्त डेल्टा पाठव."

ताईला नवा शब्द मिळाला की ती त्याला वहीत उतरवते. तिनं उतरवला. अण्णा मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "म्हंजी काही बदललं नाय तर काही लिवायचं नाय?"

मी म्हणालो, "डेल्टा शून्य लिहायचं."

"हे लई बेस काम केलंस," अण्णा म्हणाले.

ते इतके खूश का झाले हे मला त्या दिवशी विचारता आलं असतं. मी माझ्यावरच खूश होतो.

दुसऱ्या दिवसापासून सातच्या थेंबानंतर निरोप येऊ लागला. डेल्टा शून्य. रोज. मी मीटिंगमध्ये तो एका नजरेत वाचायचो आणि अंगठा दाखवून उत्तर द्यायचो. कधीमधी गंमत म्हणून लिहायचो, शाब्बास, यादी जुळली. सहा महिने होत आले तेव्हा ताईनं तपासणीची आठवण केली. कारखान्यात तेव्हा ऑडिट होतं. मी तिला विचारलं, सहा महिन्यांत डेल्टा किती? ती म्हणाली, शून्य. मग मी जे वाक्य बोललो ते असं, "बदलच नाही तर मशीन कशाला?"

पुढच्या सहा महिन्यांनी तिनं पुन्हा विचारलं. मी तेच वाक्य पुन्हा वापरलं. तिसऱ्या वेळी तिनं विचारलंच नाही. माझी शिकवण तिनं घेतली होती.

त्या दीड वर्षात मी रविवारी जायचो, तेव्हा काय काय दिसलं होतं ते आता एकेक आठवतं. अण्णांनी शिलाई मशीन भिंतीकडून उचलून दाराजवळ आणलं. उजेड चांगला येतो म्हणाले, मला पटलं. बोलताना कोंबडीसारखी मान वळवून बघायला लागले. मी त्याची नक्कल करून बायकोला हसवलं. संध्याकाळच्या वंदनेला विहारात जाणं सोडलं, पाय दुखतात म्हणाले. एकदा डाव्या बोटातून मशीनची सुई गेली. त्या दिवशी ताईच्या निरोपात शून्य नव्हतं. तिनं लिहिलं होतं, डेल्टा: बोटाला सुई, किरकोळ. मी उत्तर दिलं, शिंप्याला सुई लागली ही बातमी नाही, सुईला शिंपी लागला तर कळव. दुसऱ्या दिवशी परत शून्य आलं.

मग सुभेदारसाहेबांचा कोट आला. हे अण्णांचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त, उंचेपुरे, अदबीचे. मुलीच्या लग्नासाठी कोटाचं कापड दिलं होतं. एका रविवारी दुकानाबाहेर मला गाठून त्यांनी बाजूला नेलं आणि पिशवीतून कापड काढलं. टेबलाच्या डाव्या कडेला कापडाची घडी पडलेली होती. अण्णांना ती दिसली नाही, आणि कात्री दोन्ही थरांतून गेली होती. सुभेदारसाहेब तक्रार करत नव्हते. कापड ते दुसरं घेणार होते. त्यांना एवढंच सांगायचं होतं, आणि ते त्यांनी त्यांच्या हिंदीत फार हळू सांगितलं, की मास्टरजींनी कापल्यावर कापड त्यांच्यासमोरच उलगडलं आणि म्हणाले, बघा, बरोबर बसतंय. कोटाच्या ज्या बाहीत भोक होतं तीच बाही पुढं करून.

मी आत जाऊन अण्णांच्या डाव्या बाजूला उभा राहिलो. ते उजवीकडं ताईशी बोलत राहिले. मी हात वर केला, हलवला, बोटं नाचवली, दातही विचकून पाहिले. आयुष्यभर प्रेक्षक मिळवलेल्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा एकही प्रेक्षक नव्हता. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या हातातला खडू खाली पडला.

नजरेच्या तपासणीचं मशीन म्हणजे एक मोठं पांढरं भांडं असतं. माणसानं त्यात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडं बघत बसायचं. आत इकडं तिकडं उजेडाचे बारीक कण चमकतात. कण दिसला की हातातलं बटन दाबायचं. पहिल्या वेळी अण्णांनी टकटक टकटक अशी लय धरली होती, आणि मी शिलाईमशीन काय, हे काय, सगळं एकच, असं म्हणून तिथल्या बाईंना हसवलं होतं. या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. टक. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाइट गेली. वर बघितलं तर पंखा चालू होता. मग पुन्हा एक टक.

डॉक्टर बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, आजचा आणि पहिला. पहिल्या कागदावर कडेला थोडीशी शाई सांडल्यासारखं होतं. आजच्या कागदावर डावा डोळा जवळजवळ पूर्ण काळा, आणि उजव्या डोळ्याच्या मधोमध रुपयाएवढं पांढरं राहिलं होतं. त्या म्हणाल्या, थेंब पुरत नव्हते. हे मला कळलं असतं तर औषध बदललं असतं, ऑपरेशन केलं असतं. मग त्यांनी विचारलं, "हे व्हायला कधी सुरुवात झाली? काही लक्षात आलं होतं का?"

मी फोन काढला. पुरावा द्यायची सवय. बोटानं वर वर सरकवत गेलो. शून्य, शून्य, शून्य, अंगठा, शून्य, शाब्बास, शून्य, सुई, शून्य. बाईंनी थोडा वेळ बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली.

ताई म्हणाली, "कालच्यासारखंच होतं रे. मी रोज बघायचे. रोज ते कालच्यासारखंच होतं."

ती खोटं बोलत नव्हती. हे मला तिथं त्या खोलीत सगळ्यात जास्त कळत होतं. तिनं माझं काम माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे केलं होतं. पहिल्या दिवसाशी ताडून बघायचं पथ्य मी तिला सांगितलंच नव्हतं, आणि ताडून बघायची जी एकच जागा होती, हे मशीन, तिथलं जाणं माझ्या एका वाक्यामुळं तीन वेळा राहिलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. राहिलंय ते टिकवायला, परत आणायला नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं, आणि टिकेलच अशी खात्रीही दिली नव्हती. पट्टी काढून रिक्षानं घरी येताना अण्णा मधे, मी आणि ताई दोन्ही बाजूंना. मिलकॉर्नरच्या पुढं आल्यावर अण्णांनी मला विचारलं, "तुज्या कंपनीत यादी अशी खराब झाली, तर काय करता?"

मी सांगितलं, शेवटची जी पूर्ण, बरोबर यादी असते ती काढतो आणि तिच्यावरून सगळं परत भरतो.

"मग भर की," अण्णा म्हणाले.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

घरी आल्यावर अण्णांनी स्वतःच सांगितलं. त्यांना वर्षभरापासून कळत होतं. कप कुठं आहे ते हातानं चाचपून घ्यायचे, शिवण बोटानं धरायचे, कापड ताई झोपलेली असताना दुपारी कापायचे. सकाळी ताईनं विचारलं, अण्णा, काही बदल? तर म्हणायचे, लिही, शून्य. "सांगितलं असतं तर तुमी दुकान बंद केलं असतं," ते म्हणाले. "आन् तू म्हणलास, कालच्यापेक्षा बदललं तेवढंच लिवायचं. माझं थोडं थोडंच जात होतं."

दुकान बंद झालंच. मशीन अजून दाराशी आहे. ताई पुन्हा मोबाइलचे दोन पडदे भरून लिहिते, आणि मी एक अक्षर सोडत नाही. विभागात फळ्यावर त्रिकोण काढणं मी थांबवलं आहे. पोरं विचारतात, सर, तो समोशाचा तास कधी? मी म्हणतो, तळणं बंद आहे.

ऑपरेशननंतर अण्णांनी एक नवीन गोष्ट काढली. रुपयाएवढ्या भोकातून जवळचा माणूस तुकड्यातुकड्यानं दिसतो. नाक, नाहीतर कान, नाहीतर खिसा. लांबचा माणूस पुरा मावतो. म्हणून रविवारी मी गेलो की ते खुर्चीत ताठ बसतात आणि मला मागं सरकायला लावतात. गिऱ्हाइकाला करायचे तसंच. "मागं हो. आनखी. बस. आता पुरा दिसतोस." मग कॉलरपासून बुटापर्यंत एकदा बघून घेतात आणि म्हणतात, पँट आखूड शिवलीय, कुणी शिवली ही. पहिल्या रविवारी मी दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. महिन्याभरानं पायऱ्या उतरून खाली. दिवाळीनंतर रस्त्याच्या मधे, सायकलवाल्यांच्या शिव्या खात. मी पण मोठ्या अदबीनं एकेक पाऊल मागं टाकायचो, टोपी काढल्याचा आव आणायचो, रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे.

मागच्या रविवारी रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं ठरलं होतं. मी पायरीवर बसून बूट घालत होतो. लेस अडकली होती, म्हणून उशीर झाला. मी अजून उठलोही नव्हतो. आतून अण्णांचा आवाज आला, समोरच्या मोकळ्या भिंतीकडं तोंड करून, अगदी समाधानाचा.

"हां. आता पुरा दिसतोस. पँट बरोबर आलीय या बारीला."

ताई दारात उभी होती. तिच्या हातात फोन होता. मी लेस तशीच सोडली, आत गेलो आणि त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसलो.